पेंढ्यांचा हिशेब

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कडब्याच्या पेंढ्या मोजतात. मोजणारी आई. वय ऐंशीच्या पुढे गेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पण गंजीच्या कडेने फिरताना ती बोटांच्या पेरांवर शेकडे धरते आणि तिचा आकडा सहसा चुकत नाही. गोठ्यात एक खिलार गाय, एक संकरित गाय आणि एक म्हातारा बैल. प्रत्येकाला दिवसाला चार पेंढ्या, म्हणजे बारा. पाऊस पडून हिरवा चारा हाताशी येईपर्यंत शंभर दिवस धरायचे. झाल्या १,२०० पेंढ्या. यंदा सव्वा एकर शाळूच्या ९०० भरल्या.

तूट ३०० पेंढ्यांची. आणि एकटा बैल शंभर दिवसांत ४०० खातो. आईने हे दोन आकडे शेजारीशेजारी उच्चारले नाहीत, पण ते आम्हा दोघांनाही कळले होते.

आमचा गाव माण तालुक्यातला. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत ढगांत पाचशेही धड उरत नाहीत. मे महिन्यात पुण्याहून नातवंडे येतात तेव्हा त्यांना मात्र हा उन्हाळा मोठा मौजेचा वाटतो. न्हाणीच्या पाण्यावर चार केळी आणि अळू, परड्यात शेवगा, भांडी घासल्याचे पाणी पिऊन माजलेला दोडक्याचा वेल. छपरावर कुरडया आणि सांडगे वाळत असतात, त्यांची राखण मुलांकडे. राखणच कुरतडते, हा भाग वेगळा. कोंबड्या उन्हाने अंडी कमी करतात, दुपारभर रांजणाखालच्या ओल्या मातीत चोची उघड्या टाकून बसतात. शेळ्यांचे मात्र हेच सुगीचे दिवस. बाभळीच्या शेंगा पिकून गळतात आणि शेळ्या दिवसभर त्या वेचत हिंडतात. शेळीला गरिबाची गाय का म्हणतात, ते मे महिन्यात कळते: गंजीला हात न लावता ती जगते.

गाईबैलांचे तसे नाही. त्यांचा उन्हाळा गंजीवर अवलंबून, आणि गंज शाळूवर. आमच्या रानात मालदांडी असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेले हे वाण अजून या कोरडवाहू पट्ट्यात टिकून आहे, कारण ते माणसाला भाकरी देते आणि जनावराला गोड कडबा. हस्ताच्या पावसावर पेरावी, फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताने उपटावी. हे उपटणे ज्याने केले त्याच्या तळहाताला विचारा. मजुरी परवडत नाही, पाखरे राखायला कोणी नाही, रेशनवर गहू मिळतो. मग लोकांनी शाळू सोडला यात त्यांना दोष कसा द्यायचा? पाणी आले तिथे ऊस आला, डाळिंब आले. उसाचे वाडे मिळते म्हणतात. मिळते, पण त्यातले ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. नुसत्या वाड्यावर ठेवलेली गाय महिन्या-दोन महिन्यांत कशी खंगते, ते मी स्वतःच्या गोठ्यात पाहिले आहे.

सरकार मालदांडीला हमीभाव जाहीर करते. २०२४-२५ साठी तो क्विंटलला ३,४२१ रुपये होता. तो दाण्याचा. कडब्याला हमी कसलीच नाही. मग दुष्काळ पडला की त्याच कडब्याची आठवण होते आणि छावण्या उघडतात. २०१२-१३ मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली, तेव्हा आमची दोन जनावरे तिथे होती. तिच्यामुळे ती वाचली, हे मी विसरणार नाही. पण छावणीला होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा चांगल्या वर्षी शाळू पेरणाऱ्याच्या पदरात, कडब्याच्या नावाने, का पडू नये? हा प्रश्न मी गावच्या सभेत दोनदा विचारला. दोन्ही वेळा चहा आला.

तर तूट. पूर्वी अशा वेळी म्हातारा बैल बाजारात जाई आणि पुढचे कोणी विचारत नसे. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, तेव्हापासून थकल्या बैलाला गिऱ्हाईक नाही. कायद्याच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचेही म्हणणे मी ऐकले आहे. दोघांपैकी कोणी ४०० पेंढ्या कुठून आणायच्या, ते सांगितले नाही. आणि मनातले खरे सांगायचे तर गिऱ्हाईक दारात आले असते, तर मी काय केले असते, हे मला माहीत नाही. चौदा वर्षे तो आमच्या पाभरीला आणि कुळवाला होता. जोडीदार गेल्यावर दोन वर्षे शेजाऱ्याच्या बैलाबरोबर पैऱ्याने चालला. आता काम होत नाही. शेण मात्र देतो, आणि मे महिन्यात उकिरडा त्याच शाळूच्या रानात जातो.

"आरं, तो काय मागतोय? चारच तर पेंढ्या," आई म्हणाली. १९७२ साली तिने खडी फोडली आहे. त्या वर्षी घरातली दोन्ही जनावरे दावणीलाच गेली. त्यामुळे या बाबतीत तिच्याशी वाद घालत नाहीत.

गेल्या आठवड्यात, बकरी ईदच्या आधी, एक बोकड विकला. भाव बरा आला. त्या पैशांत गोठ्याचे पत्रे बदलायचे होते; त्याऐवजी ३०० पेंढ्या आल्या. पत्र्यांची भोके डांबराने बुजवू, पावसाळा निघेल तसा निघेल.

आज पंचावन्नावा दिवस. जुन्या गंजीत २४० उरल्या, विकतच्या ३०० वेगळ्या रचल्या आहेत. सकाळी बैलापुढे चार टाकल्या. दात झिजल्यामुळे त्याला बुंधा चावत नाही. पाला खाऊन त्याने ताटे तशीच ठेवली. ती उचलून कडबाकुट्टीत घातली, मूठभर पेंड आणि पाणी शिंपडून परत त्याच्याच पाटीत ओतली. आई उंबऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "उद्यापास्नं आधीच बारीक करत जा."