हिरवळ पेरा, अंथरू नका

नवं घर घेतलं की आपली मंडळी पहिल्याच आठवड्यात सॉड मागवतात. ट्रकमधून गवताच्या गुंडाळ्या येतात, सतरंज्या अंथरल्यासारखं अंगण संध्याकाळपर्यंत हिरवं होतं आणि फोटो भारतात पोचतात. सपाट अंगणासाठी ही निव्वळ उधळपट्टी आहे.

सॉड बियाण्याच्या कितीतरी पट महाग. खालची माती मात्र तीच: बिल्डरने वरचा सुपीक थर खरवडलेला, उरलेली यंत्रांखाली दबून घट्ट झालेली. ती भुसभुशीत करून कंपोस्ट मिसळल्याशिवाय कुठलंच गवत खोल मूळ धरत नाही. शिवाय सॉड भर उन्हातल्या शेतात वाढलेलं, इकडे बहुधा केंटकी ब्लूग्रासचं. मेपलच्या सावलीत ते विरळ होत जातं. बियाणं निवडता येतं: सावलीला फाइन फेस्क्यू, उन्हाला टॉल फेस्क्यू.

"पण उगवायला वेळ लागतो!" लागतो. राय ५ ते १० दिवस, ब्लूग्रास २ ते ४ आठवडे. न्यू जर्सी, ओहायोकडे पेरणीचा हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. घर मे महिन्यात मिळालं तर तोवर माती तयार करा, वर पेंढा पसरा. असोसिएशनने मुदत घातली असेल तर लेखी वाढवून मागा. उतारावर माती वाहून जात असेल, तर तेवढ्याच पट्ट्यात सॉड जरूर घाला.

खरी घाई गवताची नसतेच. "आम्ही इथे स्थिरावलो" हे शेजाऱ्यांना दाखवण्याची असते. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे राहणारे आपण, मातीसाठी चार महिने थांबू शकत नाही? रुजायला वेळ लागतो, हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको.