ट्रेक अर्धवट सोडायलाही शिकलं पाहिजे!

“वरपर्यंत न जाताच परत आलात? मग गेलात कशाला?” आपल्या मेसमध्ये कुणी असं विचारलं, की समोरचा गप्पच होतो. एकेकाळी मीही झालो असतो. पण गेल्या डिसेंबरमध्ये एका परक्या डोंगरावरून अर्धवट परत आलो आणि माझं मत बदललं. ते इथे मांडतोय. पटलं तर घ्या!

एका सेमिस्टरसाठी मी इंग्लंडमध्ये शेफील्डला होतो. तिथल्या विद्यार्थ्यांच्या भटकंती क्लबबरोबर एका शनिवारी ‘किंडर स्काउट’ला गेलो. रेल्वेने एडेल गाठायचं आणि चालायला लागायचं. उंची ६३६ मीटर, म्हणजे जवळपास आपल्या लोणावळ्याएवढी. कळसूबाई (१६४६ मीटर) चढलेल्या माणसाला हसू येणारच! वर पोहोचल्यावर मात्र माझं हसू मावळलं. माथा सपाट, एकही झाड नाही. त्याला तिथे ‘मूर’ म्हणतात. दिसायला आपल्या सड्यासारखं, पण पायाखाली खडक नाही, पीट. म्हणजे हजारो वर्षं नीट न कुजलेल्या शेवाळाचा काळा, पाण्याने फुगलेला थर. पाय घोट्यापर्यंत आत! त्यात धुकं उतरलं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना.

हे सगळं होणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. एडेल स्टेशनवर लीडर मुलीने आम्हा १४ जणांना मोजलं, प्रत्येकाचा टॉर्च पेटवून पाहिला. कुठून जाणार, कधी परतणार, याची चिठ्ठी आदल्या रात्रीच क्लबच्या एका मुलाकडे दिलेली. वेळेचा हिशोबही ठरलेला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला नियम आहे. आजच्या मापात दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमची वाट १३ किलोमीटरची, चढ सुमारे ४०० मीटर. म्हणजे सव्वातीन तास. चिखल, जेवण आणि थांबे धरून पाच. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. दहाला निघालो होतो. साडेबारापर्यंत निम्मी वाट संपली नाही तर मागे फिरायचं, हे सकाळीच ठरलं.

साडेबारा वाजले. निम्मी वाट संपली नव्हती. पुढे ‘किंडर डाउनफॉल’ धबधबा होता. वारा जोराचा असला की आपल्या नाणेघाटातल्यासारखं त्याचं पाणी उलटं वर उडतं. मला तो बघायचाच होता. “एवढ्या लांबून आलोय, अर्धा तास फक्त!” मी म्हटलं. “साडेबारा वाजले,” एवढंच म्हणून ती वळली. बाकीचेही वळले. धुक्यात कुठेतरी ग्राउस पक्षी ओरडत होता. त्याचं ओरडणं ‘गो-बॅक, गो-बॅक’ असं ऐकू येतं. मला त्याचाही राग आला!

तीनला आम्ही खाली होतो. १४ च्या १४. बाकी काहीच घडलं नाही.

परतीच्या गाडीत मला राजमाची आठवली. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही २३ जण गेलो होतो. रात्री लोणावळा स्टेशनवर पोहोचलो तेव्हा २२ होतो. फर्स्ट इयरचा एक मुलगा पाय मुरगळून मागे राहिला होता. उधेवाडीतल्या एका घराने त्याला आसरा दिला, भाकरी दिली. सकाळी सापडला. हा किस्सा आपण अजून हसत सांगतो. त्यातली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या मागे चालायचं काम माझं होतं. लोकल चुकेल म्हणून मी पुढे निघून गेलो.

त्या मूरवर फिरायचा हक्क तिथल्या लोकांना फुकट मिळाला नाही. शिकारीसाठी राखलेल्या त्या जमिनीवर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण मुद्दाम घुसले, त्यातले पाच जण तुरुंगात गेले. अशा मोकळ्या जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क देणारा कायदा झाला थेट २००० साली. आपल्याला सह्याद्री आयता मिळालाय. पावसाळ्यात एखाद्या गडावर बंदी आली की आपण चिडतो, पण ती बहुतेकदा आपल्यासारख्यांच्याच बेफिकिरीने आलेली असते.

“ट्रेक म्हणजे काय एन.सी.सी.ची परेड आहे का?” असं कुणीतरी म्हणेलच. मुळीच नाही. भेंड्या लावा, भजी खा, हवा तेवढा दंगा करा. फक्त चार गोष्टी पाळा. नावं आणि परतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी वॉचमनकाकांकडे द्या. (मोबाइलवरचा मेसेज नको, डोंगरात रेंज कुठे असते?) प्रत्येकाकडे टॉर्च आणि शिट्टी असू द्या. मागे फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा. आणि सगळ्यांच्या मागे एक सीनियर ठेवा, ज्याने काहीही झालं तरी पुढे जायचं नाही.

जानेवारीत आपला पुढचा ट्रेक आहे. मागे चालायला मी नाव दिलंय. तो मुलगा आता थर्ड इयरला आहे, त्यानंतर कधी ट्रेकला आलेला नाही. त्यालाही येतोस का विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.