दारचे पाणी आणि दूरचा गहू

भुकेल्याच्या ताटात धान्य पडू नये, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. वाद आहे तो पुढच्या वर्षाचा. धान्य देणाऱ्याला भुकेल्याची शेती उभी राहावी असे वाटते, की त्याने दरसाल झोळी घेऊन दारात यावे असे वाटते? श्रीमंत राष्ट्रांच्या दानशूरतेचे गोडवे गाणारे हा प्रश्न टाळतात. भिवंडी तालुक्यातील भातखाचरांकडे पाहिले, की देशी राज्यकर्तेही तो टाळण्यात मागे नाहीत हे ध्यानात येते.

भारताने हा धडा स्वतःच्या पोटावर गिरवला आहे. १९५४ साली अमेरिकेने पी. एल. ४८० हा कायदा केला, तो परक्यांच्या भुकेने कळवळून नव्हे. तिथल्या कोठारांत न खपणारे धान्य साठले होते म्हणून. कायद्याच्या नावात ‘व्यापारविकास’ आधी आणि ‘साहाय्य’ मागून येते, एवढा प्रामाणिकपणा तरी त्यात होता. ४ मे १९६० रोजी अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ आणण्याच्या करारावर आयसेनहॉवर यांच्यासमवेत सही केली. गहू रुपयांत मिळणार म्हणून दिल्ली निर्धास्त झाली. स्वस्त गव्हाच्या आधाराने शहरात मजुरी खाली ठेवता आली, कारखानदारांचे भागले. खेड्यातील शेतकऱ्याला भाव देऊन अधिक पिकवून घेण्याची निकड मात्र उरली नाही. (याच पाटलांना १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी धूळ चारली. त्याची कारणे निराळी होती, पण आठवण सुखद आहे.)

पुढे लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले आणि नेमक्या त्या वेळी जॉन्सन यांनी दोरी आखडली. जहाजे थोड्या थोड्या मुदतीच्या हिशेबाने सुटू लागली. भारताचे शेतीधोरण काय असावे, व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाविषयी दिल्लीने किती बोलावे, हे सारे गव्हाच्या पोत्याला बांधले गेले. या दडपणामुळेच भारत शहाणा झाला, असे म्हणणारे पंडित आहेत. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. त्याच १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. कोटी टन धान्य त्या वर्षी खाऊन संपले. बियाण्याने मात्र हमीभाव, पाणी आणि सरकारी खरेदी यांच्या जोडीने पुढची आयात घटवली. बाहेरची मदत तीही होती. पण ती शेतात गेली. त्या क्रांतीची फळे सधन बागाइतदाराच्याच पदरात अधिक पडली, हा आरोप खराच आहे. पण तो बियाण्यावर नव्हे, जमीन आणि पाणी यांच्या वाटपावर आहे.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात दोन्ही वाटा एकदम पाहिल्या. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची चव त्या पिढीच्या तोंडातून गेलेली नाही. दुसरीकडे वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी उभी राहिली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबली. पुष्कळ ठिकाणी नुसती खडी फुटली, हे कबूल करावे लागेल. पण जिथे पाझर तलाव आणि नालाबंडिंग झाले, तिथे पाणी जिरले. मिलोने विहिरीची पातळी कुठेही वाढवली नाही. हैतीत तर स्वस्त अमेरिकी तांदळाने स्थानिक भातशेतीच मोडली. आपल्या धोरणाने ते घडले, अशी कबुली २०१० मध्ये खुद्द क्लिंटन यांना द्यावी लागली.

देणारा परका असो की घरचा, प्रश्न बदलत नाही. भिवंडी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध. पण भोवतालचा तालुका भाताचा. तालुक्यातील पिसे येथे भातसा नदीचे पाणी उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. मुंबईचे सुमारे निम्मे पाणी भातसाचे आहे. मुंबईच्या चाळी-झोपड्यांतील कष्टकऱ्याला ते हवेच. परंतु त्याच नदीच्या परिसरातील लहान शेतकरी पावसावरच्या एका पिकावर वर्ष काढतो. भाताची झोडणी आटोपली, की कातकरी आणि वारली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. सरकार त्यांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत देते आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांची सोय एका निर्णयात करून मोकळे होते. ते धान्य उपकार नव्हे. २०१३ च्या कायद्याने दिलेला तो हक्क आहे आणि तो काढून घेऊ पाहणाऱ्याशी लढावेच लागेल. पण पाच वर्षांचे धान्य एका सहीने देणाऱ्यांना त्याच मुदतीत दुसऱ्या पिकाचे पाणी देण्याचे वचन का सुचत नाही?

दरम्यान माणकोली, दापोडे, काल्हेरच्या पट्ट्यात खाचरांवर गोदामे उभी राहिली. शेतकऱ्याने जमीन खुशीने विकली, असे सांगितले जाते. एका पिकावर जगणाऱ्याच्या दारात रोख पैसा घेऊन दलाल उभा राहतो, तेव्हा ती खुशी कसली?

तेव्हा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी रेशन दुकानापुढच्या मोर्चाबरोबरच पाटबंधारे कचेरीचाही रस्ता धरावा. महानगराला जाणाऱ्या पाण्यातून नदीकाठच्या गावांचा वाटा आधी ठरवून घ्यावा, म्हणजे भातामागून वाल-हरभरा हमखास निघेल. वनहक्काच्या प्लॉटांवरील बांधबंदिस्ती रोजगार हमीतून मागावी. आणि भाताची हमीभावाची खरेदी व्यापाऱ्याची गाडी खळ्यावर येण्याआधी सुरू झाली पाहिजे, हे तहसीलदाराकडून लेखी घ्यावे.