पेटीला कुलूप कुठलं लावायचं?




नोकरीसाठी लखनौत माझ्याजवळ राहणाऱ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, परदेशी पिट व्हायपर पाळायचा तर काचेच्या पेटीला कुलूप कुठलं लावावं?" नाग किंवा घोणस घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तर तो परदेशी सापाकडे वळला.

पळवाट आहे ती इथेच. २०२४ च्या नियमांनी परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीची सक्ती केली, पण ती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'सायटीस' कराराच्या यादीतल्या जातींपुरती. काकाकुवाची नोंद करावी लागते. आफ्रिकेतला गॅबून व्हायपर त्या यादीतच नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर सापडले. एवढे साप कोणी उगीच आणत नाही. घेणारे आहेत म्हणून ते येतात.

भाच्याला मी प्राणिसंग्रहालयात नेलं. १९२१ साली सुरू झालेल्या त्या बागेला आज नवाब वाजिद अली शाह यांचं नाव आहे. राज्य गेल्यावर कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये राहिलेल्या याच नवाबाने तिथे सापांसाठी जागा बांधली होती. लेखक अब्दुल हलीम शरर यांनी तिचं वर्णन केलं आहे: खोल हौद, मधोमध कृत्रिम डोंगर, आणि चारी भिंती गुळगुळीत, आत झुकलेल्या, म्हणजे साप वर चढूच नये. सापाचं घर बांधायचं तर भिंतीच्या उतारापर्यंत विचार करावा लागतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो कसा व्हायचा? पाणी बदलताना झाकण एकदा नीट बसलं नाही, की साप मोरीच्या पाइपात आणि तिथून खालच्या मजल्यावर.

भाच्याने नीलिमकुमार खैरे यांचं उदाहरण दिलं. १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांनी दाखवलं. मला ते पूर्ण मान्य आहे. पण याच खैऱ्यांनी पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभारलं. सापाला जाणती माणसं लागतात, रोजची देखभाल लागते, ती तिथे आहे.

आणि चावलाच तर? आपल्या रुग्णालयांतलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार होतं. सह्याद्रीतल्या चापडा या पिट व्हायपरवरसुद्धा त्याचा भरवसा नाही, मग इंडोनेशियाच्या सापावर कुठून असणार? ज्याचा उतारा शहरात मिळत नाही तो साप घरात आणणाऱ्याने आपल्याबरोबर शेजाऱ्यांचा जीवही पणाला लावला, असं मी मानतो. खालच्या मजल्यावरचं लहान मूल या निर्णयात कुठेच नव्हतं.

म्हणून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे माझी मागणी आहे: जात 'सायटीस'च्या यादीत असो वा नसो, परदेशी विषारी साप खासगी घरात ठेवायला सरसकट बंदी घाला. आज ज्यांच्याकडे असे साप आहेत त्यांना शिक्षेची भीती न घालता ते प्राणिसंग्रहालयात जमा करायला मुदत द्या, नाहीतर घाबरलेला माणूस साप रात्री नाल्यात सोडून मोकळा होईल.

भाच्याने पेटीचा नाद सोडला आहे. पण ती विकणाऱ्याचा संदेश त्याच्या फोनवर अजून येतो.

— एक वाचक, गोमतीनगर, लखनौ