छायाचित्रापूर्वी यादी

जुन्या पोथ्यांची संगणकीय छायाचित्रे घेण्याचे काम हल्ली अनेक ठिकाणी चालू आहे. कॅमेरा आणला, दिवे लावले, पाने उलटली, की काम झाले असे पुष्कळांना वाटते. माझे मत वेगळे आहे. अशा कामाचे यशापयश कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वीच ठरते.

आम्हां पिरंगुटकरांना पुणे जवळचे. तेथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिच्या संग्रहात २८ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली आपल्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या सूचीत नोंद केली. याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला करून पोथ्या व ग्रंथ यांची नासधूस केली होती. वाळवी आणि दमट हवा यांच्याबरोबर माणसाचेही भय! तेव्हा प्रती हव्यातच. पण कशा?

थोडे गणित करू. पोथीचे पृष्ठ १० इंच लांब व ४ इंच रुंद आहे असे समजा. दर इंचास ४०० बिंदू घेतले तर ४,००० × १,६०० म्हणजे ६४ लाख बिंदू होतात. रंगासाठी प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरले, तर २०० पृष्ठांच्या पोथीस सुमारे ४ गिगाबाइट जागा लागेल. अशा २८ हजार पोथ्यांना १ लाख गिगाबाइटहून अधिक! दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावयाची तर त्याच्या दुप्पट. दर इंचास २०० बिंदू घेतल्यास जागा एक चतुर्थांश पुरेल, परंतु समासातील बारीक अक्षरे अस्पष्ट होण्याचा धोका आहे.

शाईचेही तसेच. काजळाच्या शाईतील कार्बन अवरक्त किरण शोषून घेतो. त्यामुळे डागाखाली दडलेले अक्षर अवरक्त छायाचित्रात पुष्कळदा दिसते. पण असे छायाचित्र कोणत्या पानांचे घ्यावे, हे पोथी आधी तपासल्याशिवाय कसे कळणार?

म्हणून पहिले काम यादीचे. पोथीचा क्रमांक, नाव, लिपी, पानांची संख्या, गहाळ पाने आणि सध्याची अवस्था, इतके तरी तीत हवे. यादीत नोंद नसलेले छायाचित्र म्हणजे प्रयोगशाळेतील चिठ्ठी नसलेली बाटली. आत काय आहे, कोण सांगणार?

दुसरे असे, की प्रत काढली तरी मूळ पोथी जपलीच पाहिजे. पोथी वाचावयास डोळे आणि उजेड पुरतात; संगणकीय प्रतीस यंत्र लागते. १९९० च्या सुमाराची फ्लॉपी वाचणारे यंत्र आज तुमच्या शाळेत आहे काय? नव्या साधनांवर पुन्हा पुन्हा प्रती काढण्याचा खर्च योजनेत आरंभीच धरावा.

तुमच्या घरी जुने मोडी कागद असतील, तर ते टाकू देऊ नका. त्यांना चिकटपट्टीही लावू नका. शिक्षकांच्या मदतीने वहीत त्यांची यादी करा. त्यासाठी कॅमेरा लागत नाही.