विश्लेषण : गाडीला ३५ इंची टायर लावले, पण बर्फातली साखळी बसणार का?

हिमवृष्टी सुरू झाली की मनालीहून सोलंगच्या पुढे सहसा फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडले जाते. टंगमर्ग ते गुलमर्ग या चढावरही साखळ्यांची सक्ती असते. पुण्या-मुंबईहून मोठे टायर चढवलेली थार किंवा जिम्नी घेऊन निघालेल्या हौशी मंडळींची अडचण इथेच होते. भाड्याने मिळणाऱ्या साखळ्या साध्या मापाच्या टायरसाठी असतात आणि त्यांच्या चाकाला त्या पुऱ्या पडत नाहीत.

फरक किती पडतो?

थारच्या वरच्या श्रेणीत कंपनीकडून येणारा टायर २५५/६५ आर १८ या मापाचा असतो. त्याचा व्यास साधारण ३१ इंच आणि परीघ सुमारे २४८ सेंटीमीटर. लोकप्रिय २८५/७० आर १७ हा टायर लावला तर परीघ २६१ सेंटीमीटर होतो. ३५ इंची टायरचा परीघ २७९ सेंटीमीटर, म्हणजे मूळ साखळी तब्बल ३१ सेंटीमीटर आखूड पडते. ती ओढूनताणून बसत नाही. मड-टेरेन टायरचे ठोकळे उंच असल्याने आडव्या साखळीलाही जास्त लांबी लागते.

त्यात मापे लिहिण्याच्या पद्धती दोन. ‘३५ x १२.५० आर १७’ असे इंचातले माप साखळीच्या तक्त्यात अनेकदा सापडतच नाही. शिवाय टायरवर ३५ लिहिले म्हणजे तो भरतोही ३५ इंच, असे नाही. म्हणून टेलरची टेप घेऊन हवा भरलेल्या टायरचा परीघ आणि रुंदी मोजणे हाच खात्रीचा मार्ग.

मग साखळी मिळवायची कुठून?

मोटारीच्या साखळ्यांत शोधण्यापेक्षा हलक्या ट्रकच्या साखळ्यांत शोधावे. तिथे मोठा परीघ मिळतो. मात्र ट्रकचे टायर बहुधा अरुंद असतात, त्यामुळे आडव्या साखळ्यांची लांबी तपासावी लागते. ३५ इंची टायरची रुंदी जवळपास ३१८ मिलिमीटर असते. साखळी किंचित मोठी असेल तर जादा कड्या कापता येतात. आखूड साखळीला रस्त्याकडेला, थिजलेल्या बोटांनी काही करता येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली साधी साखळी जोडून काम भागवणे धोक्याचे. ती तुटली तर मडगार्ड आणि ब्रेकचा पाइप दोन्ही फोडते.

साखळी बसली, तरी चाक फिरेल का?

हा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सस्पेन्शन उंच केले की चाकाच्या वर जागा वाढते, पण टायर आणि आतल्या स्प्रिंग, आर्म यांच्यामधली फट वाढत नाही. रुंद टायरने ती उलट कमीच होते. अमेरिकेत यासाठी साखळ्यांचे एस, यू, डब्ल्यू असे वर्ग आहेत. एस वर्गाला टायरच्या बाजूला किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा लागते, तर जाड कड्यांच्या डब्ल्यू वर्गाला ३८ मिलिमीटर. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ही जागा घरीच पाहून घ्यावी.

फोर बाय फोरला साखळी लागतेच कशाला?

फोर बाय फोर गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. उतारावर काचेसारख्या बर्फावर ब्रेक दाबला की चारही चाके घसरतात. चिखलासाठीच्या टायरच्या मोठ्या ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असल्याने ते घट्ट बर्फावर फारसे धरत नाहीत. कॅलिफोर्नियात लेक टाहोला जाणाऱ्या बे एरियातल्या मराठी कुटुंबांना तिथली ‘आर २’ पातळी ठाऊक असते. त्या पातळीला चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर बाय फोरला सूट मिळते, पण साखळ्या गाडीत ठेवाव्याच लागतात. ‘आर ३’ला कोणालाच सूट नाही.

स्वस्त मार्ग कोणता?

कंपनीने दिलेली मूळ चाके विकली नसतील, तर हिवाळ्याच्या सहलीपुरती तीच लावणे सर्वांत शहाणपणाचे. सहज मिळणारी साखळी त्यांना बसते, आतली फटही पुरेशी राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत परस्पर बदल केल्याचा प्रश्नही उद्भवत नाही. ते शक्य नसेल तर साखळी निघण्यापूर्वी घेऊन घराच्या अंगणात दोनदा लावून-काढून पाहावी आणि शक्यतो चारही चाकांसाठी घ्यावी. फक्त पुढे लावली तर उतारावर मागची बाजू फिरते, फक्त मागे लावली तर वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही.

हा सराव वाया जात नाही. अटल बोगद्यात ९.०२ किलोमीटर रस्ता कोरडा असतो, आणि कोरड्या डांबरावर साखळी झिजते, तुटते. म्हणजे धुंदीच्या तोंडाशी साखळ्या काढायच्या आणि पलीकडे लाहौलमध्ये बर्फ असेल तर पुन्हा चढवायच्या. परतताना तेच.