आईला समुद्र दाखवायचा होता

मुंबईत जन्म गेला आणि समुद्र पाहिला नाही, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. माझ्या आईनेही तो पाहिला आहे. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आम्ही तासन्‌तास उभे राहायचो. कडेवर मूल, पिशवीत भाकरी, आणि पलीकडून लाटांचा आवाज. अभिवादन झाले की गर्दी पुढे ढकलायची आणि आम्ही दादर स्टेशनची वाट धरायचो. समुद्राकडे तोंड करून, पाय पसरून, घटकाभर बसलो असे कधी घडले नाही.

आईने तीस वर्षे लोकांच्या घरची भांडी घासली. तिने प्रवास कमी केला असे नाही. कोणाचा मंगल परिणय, कोणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, गावी कोणी आजारी, एकदा नागपूरची दीक्षाभूमी. पण प्रत्येक वेळी काहीतरी काम होते. काम नसताना, नुसते जिवाला बरे वाटावे म्हणून ती कधी घराबाहेर पडली नव्हती. "ते मोटारवाल्यांचं काम," असे म्हणायची. आपल्यापैकी कितीजणी असेच म्हणतात!

म्हणून मी ठरवले की आईला दोन दिवस अलिबागला न्यायचे. मोटारीशिवाय, आणि कर्जाशिवाय. यजमानांना ड्युटीमुळे सुटी नव्हती. आई अडुसष्ट वर्षांची, मी, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा अशी चार माणसे निघालो. कसे गेलो ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हालाही जाता येईल.

आधी डबा, मग पाकिटे

कोजागरीपासून मी चहाच्या जुन्या डब्यात रोज वीस रुपये टाकत गेले. माघ पौर्णिमेपर्यंत चार महिने झाले आणि अडीच हजारांच्या आसपास रक्कम जमली. यजमानांनी वर काही घातले. निघण्याच्या आदल्या रात्री त्याची चार पाकिटे केली: जाण्यायेण्याचे, राहण्याचे, खाण्याचे आणि अडीअडचणीचे. चौथे पाकीट आईच्या कनवटीला. मुलाकडे वही दिली आणि प्रत्येक खर्च त्याने लिहायचा असे ठरले. त्यामुळे आइस्क्रीम मागण्याआधी तो स्वतःच वहीत बघू लागला!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शनिवार-रविवार आणि लागून आलेल्या सुट्या टाळा. त्या दिवशी अलिबागला खोल्यांचे दर चढतात आणि लाँचलाही रेटारेटी असते. आम्ही गुरुवारी गेलो, शुक्रवारी परतलो. मुलांच्या दोन दिवसांच्या शाळेसाठी बाईंना चिठ्ठी दिली.

जायचे कसे?

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. मुंबईहून तीन वाटा आहेत.

पहिली, गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याची लाँच. साधारण तासाभराचा प्रवास. बहुतेक लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग हा सुमारे वीस किलोमीटरचा बसप्रवास धरलेला असतो. तिकीट काढताना तेवढे विचारून घ्या आणि तिकीट फेकू नका, बसमध्ये ते दाखवावे लागते. पावसाळ्यात ही सेवा बंद असते.

दुसरी, भाऊच्या धक्क्यावरून. हार्बर लाइनचे डॉकयार्ड रोड स्टेशन त्याला जवळ. तिथून रेवसला लाँच जाते आणि रेवसहून अलिबागला एसटी मिळते. ही वाट स्वस्त, पण वेळ जास्त. रेवस बंदरात गाळ असल्याने मोठ्या ओहोटीत खोळंबा होतो. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटही सुरू झाली आहे. तिच्यात मोटारी चढवतात, पण पायी माणसालाही जाता येते.

तिसरी वाट आपल्या लाल एसटीची. लोकलने पनवेलला उतरावे, तिथून पेण-वडखळ मार्गे अलिबागची गाडी धरावी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ओळखपत्र मात्र जवळ हवे. आमच्या चौघांत पूर्ण तिकिटाचे माणूस एकही नव्हते! म्हणून मी असे ठरवले की जाताना लाँच, म्हणजे आईला पाणी दिसेल. आणि येताना एसटी, म्हणजे पाकीट सांभाळले जाईल.

लाँच सुटली तेव्हा आईने माझा दंड घट्ट धरला होता. पांढरे कुरव पक्षी मागे लागले, मुले ओरडू लागली. गेट वे लहान लहान होत गेले. थोड्या वेळाने पाहते तो दंडावरचा हात सुटला होता आणि म्हातारी कठड्याशी उभी होती.

राहायचे कुठे?

इथे आम्हाला एक कडू घोट गिळावा लागला, तोही सांगते.

किनाऱ्याजवळ एका घरावर खोली भाड्याने मिळेल अशी पाटी होती. बाई बोलायला गोड. खोली दाखवली, न्हाणी दाखवली, भाडे ठरले. मग सहज विचारावे तसे विचारले, "तुमचं आडनाव काय?" मी सांगितले. त्या आत गेल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे पाहुणे येणार आहेत, विसरूनच गेले होते."

मुलीने माझ्याकडे पाहिले. चौदा वर्षांच्या पोरीला काय कळायचे ते कळले. मी काही बोलण्याआधी आईनेच पिशवी उचलली. "चल गं. समुद्र काही तिच्या अंगणात नाही."

मी तिथे भांडले नाही. नातवंडांसमोर आईचा दिवस नासू नये असे वाटले. बरोबर केले की चूक, याचा विचार अजून मनात येतो. पण तुम्ही एवढे जाणून असा. हॉटेलात जाण्यापासून जातीच्या कारणाने कोणाला अडवता येत नाही, हे संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलेले आहे. अस्पृश्यता पाळून हॉटेलात वा मुसाफिरखान्यात प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गोड बोलून नाकारले तर सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून खोली आधी फोनवर ठरवा, दर ठरवा, शक्य तर थोडी आगाऊ रक्कम भरून पावती घ्या. पावती हातात असली की पाहुणे आयत्या वेळी येत नाहीत.

पुढे एसटी स्टँडजवळ एका साध्या लॉजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने ओळखपत्र पाहिले, वहीत नाव लिहिले आणि किल्ली हातात दिली. खोली लहान, पण चादरी धुतलेल्या. मोटार नसलेल्याने स्टँडजवळच राहावे. किनारा चालत गाठता येतो आणि परतीची गाडीही दारात.

भरती-ओहोटीचे गणित

अलिबागच्या समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे काम सुरू केले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. कान्होजी आंग्रे यांची समाधी अलिबाग गावातच आहे. ओहोटीला या किल्ल्यात पायी जाता येते, भरतीला चोहोकडून पाणी. म्हणून वेळ कळली पाहिजे.

आपण मुहूर्त बघत नाही. पण तिथी हा चंद्राचा हिशेब आहे आणि समुद्र चंद्राचे ऐकतो, यात अंधश्रद्धा काही नाही. या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते. दर दिवशी ती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा तर आपल्या प्रत्येक घरात माहीत असते, तिच्यापासून बोटे मोजा. पाचव्या दिवशी भरती दुपारी चारच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. आम्ही हेच मोजून गेलो होतो. अष्टमीच्या सुमारास ओहोटी दुपारी येते खरी, पण ती भांगाची. त्या दिवसांत पाणी फारसे उतरत नाही आणि वाट पुरती उघडी पडत नाही.

हे गणित अंदाजासाठी. पाण्यात पाऊल टाकण्याआधी तिथल्या कोळी माणसाला किंवा घोडागाडीवाल्याला वेळ विचाराच. ओहोटी पुरी होण्याआधी तासभर निघावे आणि पाणी चढू लागायच्या आत परतावे. किल्ल्यात गप्पा मारत बसलेली माणसे अडकतात, आणि घाईने पाण्यात उतरतात तेव्हा घात होतो. समुद्रात घोट्यापुढे मुलांना सोडू नका. दारू घेतलेल्या माणसाला तर पाण्याजवळही जाऊ देऊ नका, मग तो भाऊ असो की नवरा.

गुरुवारी दुपारी किल्ला पाण्यात होता. संध्याकाळी पाणी मागे सरू लागले. आई ओल्या वाळूत बसली, पाय पसरले, आणि सूर्य बुडेपर्यंत उठली नाही. मी चहा आणला तर म्हणाली, "आज मला कोणी हाक मारू नका." आम्ही मारली नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला चपला हातात घेऊन निघालो. ओली वाळू, मधे घोट्याएवढे पाणी. घोडागाडीचे पैसे मी बाजूला ठेवले होते, पण आई चालतच गेली. आत चाकांच्या गाड्यावरच्या इंग्रजी बनावटीच्या दोन तोफा आहेत, मुलगा तिथून हलेना. आई मात्र विहिरीपाशी थांबली. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधे गोड्या पाण्याची विहीर! वाकून पाहत म्हणाली, "त्या काळी आपल्या माणसांना भरू देत असतील का गं हे पाणी?" मला उत्तर देता आले नाही.

परतल्यावर किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा मुलांना बाहेरूनच दाखवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. तिथे विजेच्या ट्राम येणार म्हणून ती १९०४ साली अलिबागला हलवली. लोखंडाने मोजमाप बिघडू नये म्हणून तिच्या बांधकामात लोखंड वापरलेले नाही. मुलगी म्हणाली, "मग खिळ्यांचं काय केलं?" असा प्रश्न घेऊन मूल घरी आले की सहलीचे पैसे वसूल!

वेळ असेल त्यांनी रेवदंड्याची एसटी धरावी. वाटेत आक्षी, नागाव लागते आणि शेवटी रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्याची तटबंदी किनाऱ्याशीच आहे.

खाणे आणि खरेदी

पहिल्या दिवसाची भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी घरूनच नेली होती. रात्री किनाऱ्यापासून दूर, बाजारातल्या खाणावळीत जेवलो. समुद्र दिसणाऱ्या टेबलाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हे विसरू नका. खरेदी म्हणाल तर शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तू घेतल्या नाहीत. पांढऱ्या कांद्याचा हंगाम नुकता लागला होता, त्याची एक माळ आणि थोडे सुके बोंबील घेतले. औषधाच्या गोळ्या, एक जादा लुगडे आणि पाण्याची बाटली पिशवीत वरच ठेवा.

परतीची एसटी पोयनाडवरून गेली. त्याच भागात चरी गाव आहे. खोतांच्या जुलमाविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे तिथल्या शेतकऱ्यांनी संप केला, जमीन पडीक ठेवली, पण माघार घेतली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खिडकीतून भातखाचरे दाखवत मी मुलांना हे सांगितले. आई झोपली आहे असे वाटत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "सहा वर्षं! काय खाल्लं असेल त्यांनी?"

भगिनींनो, पाहुण्यांसाठी, लग्नकार्यासाठी आपण कर्ज काढतो आणि स्वतःसाठी चार महिने वीस रुपये टाकायला कचरतो. विसावा हा चैनीचा भाग नाही. ज्या हातांनी जन्मभर कष्ट केले, त्यांचा तो हक्क आहे. आई हिंडतीफिरती आहे तोवर तिला न्या. नंतर फोटोला हार घालून तिला समुद्र दिसणार नाही.

परवा संध्याकाळी आई दिनदर्शिकेपुढे चष्मा लावून उभी होती. मी विचारले, काय बघतेस? म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेनंतर पाणी किती वाजता उतरतं, ते मोजत होते."

डब्यात पुन्हा वीस रुपये पडू लागले आहेत.

जयभीम!